वाचकांचे प्रश्न : कर्करोगतज्ज्ञ कसा घडतो?

मागील अंकात केमोथेरपीविषयी मी लिहिलेल्या लेखावर जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रे रोगाविषयी नसून डॉक्टरांच्या शिक्षणाविषयी होती. मला त्याचे बरे वाटले. रुग्ण समोर नसताना आणि त्याचे कागद न पाहता पत्रातून उपचार सुचवणे धोक्याचे असते. शिक्षणाविषयी मात्र पत्रातूनही नीट बोलता येते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून सहा प्रश्न निवडले आहेत आणि नेहमीप्रमाणे नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीने लातूरला दोन वर्षे राहून नीटची तयारी केली आणि यंदा तिला अंबाजोगाईच्या शासकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळाला. तिची आजी गालाच्या कर्करोगाने गेली, तेव्हापासून ‘मी कॅन्सरचीच डॉक्टर होणार’ असे ती म्हणते. यासाठी एकूण किती वर्षे लागतात? तिशीपर्यंत तिचा खर्च आम्हालाच करावा लागेल का? आणि तिने आतापासून काय वाचावे? — एक शिक्षक, उदगीर

उत्तर : मुलीचे मनापासून अभिनंदन. वर्षांचा हिशोब सरळ आहे. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक. त्यानंतर नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन एम.डी. मेडिसिन किंवा एम.डी. बालरोग यांची तीन. आणि त्यानंतर नीट-एसएस ही अतिविशेष शाखांची परीक्षा देऊन डी.एम. मेडिकल ऑन्कोलॉजीची, म्हणजे कर्करोगाच्या औषधोपचाराच्या पदवीची, आणखी तीन. बेरीज साडेअकरा होते. घरातल्या हिशोबासाठी तेरा धरावीत, कारण परीक्षा, निकाल आणि प्रवेशफेऱ्या यांत बरेच महिने जातात, शिवाय शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांना बंधपत्रानुसार शासनाची सेवा करावी लागते. खर्चाची काळजी मात्र इतकी करू नये. पदव्युत्तर प्रवेश मिळाला की निवासी डॉक्टरला दरमहा विद्यावेतन सुरू होते. ते फार नसले तरी त्यात एका माणसाचे भागते.

आता तिने काय वाचावे याविषयी. कर्करोगावरचे एकही पुस्तक पहिल्या वर्षी विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र शिकवले जाईल, ते तिने मनापासून शिकावे. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशी आणि बिघडलेली पेशी यांतला फरक ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी शंभर वेळा पाहिला आहे, त्याला पुढे बायॉप्सीचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, अहवाल केवळ वाचावा लागत नाही, तो दिसतो. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे एम.डी.ची तीन वर्षे. डी.एम.ची घाई झालेले विद्यार्थी या वर्षांकडे जिन्याची पायरी म्हणून पाहतात आणि तेथेच चुकतात. केमोथेरपी घेतलेला रुग्ण दहाव्या दिवशी रात्री दोन वाजता १०१ अंश ताप घेऊन येतो, त्याच्या रक्तातील जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ५००च्या खाली गेलेल्या असतात, आणि पहिले प्रतिजैविक तासाभराच्या आत शिरेतून गेले नाही तर सकाळपर्यंत त्याचा रक्तदाब हाताबाहेर जाऊ शकतो. त्या वेळी कामाला येते ते एम.डी.च्या वॉर्डात जागून काढलेल्या रात्रींतून अंगी मुरलेले ज्ञान. मूत्रपिंड, मधुमेह आणि जंतुसंसर्ग यांचे ज्ञान. कर्करोगाची औषधे दर वर्षी बदलतात, ती नंतर शिकता येतात.

आजीमुळे तिने हे ठरवले, यात काही वावगे नाही. तरीही एम.बी.बी.एस.च्या शेवटी तिला बालरोग किंवा शस्त्रक्रिया आवडू लागली, तर तिला आजीच्या शब्दात अडकवू नये. त्या दोन्ही वाटाही कर्करोगाकडे जातातच.

प्रश्न : वडिलांच्या जबड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन एका डॉक्टरांनी केले, त्यांनी ‘लाईट’साठी दुसऱ्यांकडे पाठवले आणि त्यांनी सलाईनच्या औषधासाठी तिसऱ्यांकडे. तिघांच्याही पाटीवर ‘ऑन्कोलॉजिस्ट’ लिहिलेले आहे. ही टोलवाटोलवी समजावी काय? — एक वाचक, माजलगाव

उत्तर : नाही. आपण लिहिले आहे त्यावरून तरी तिघांनी आपापले काम केलेले दिसते. ऑन्कोलॉजिस्ट या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळी शिक्षणे येतात आणि पाटीवरच्या नावापुढची अक्षरे पाहिली की ती ओळखता येतात. एम.सीएच. सर्जिकल ऑन्कोलॉजी म्हणजे आधी एम.एस. करून नंतर तीन वर्षे केवळ कर्करोगाच्या शस्त्रक्रिया शिकलेला सर्जन; जनरल सर्जरीप्रमाणेच कान-नाक-घसा, अस्थिरोग आणि स्त्रीरोग या शाखांतूनही तेथे जाता येते. एम.डी. रेडिएशन ऑन्कोलॉजी, जुन्या पाट्यांवर एम.डी. रेडिओथेरपी, म्हणजे किरणोपचार करणारा. डी.एम. मेडिकल ऑन्कोलॉजी म्हणजे औषधोपचार करणारा. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डॉ.एन.बी. ही पदवी डी.एम. आणि एम.सीएच.च्या तोडीची आहे. काही महिन्यांच्या प्रमाणपत्रांना ‘फेलोशिप’ म्हणतात. त्यांतील काही उत्तम असतात, पण त्यांना या पदव्यांच्या जागी धरू नये.

ही विभागणी आपल्याकडे फार जुनी नाही. चेन्नईच्या अड्यार येथील कॅन्सर इन्स्टिट्यूटने १९८४मध्ये डी.एम. आणि एम.सीएच. हे कर्करोगाचे अभ्यासक्रम देशात प्रथम सुरू केले. त्याआधी कर्करोगाची औषधे देण्याचे काम फिजिशियन, सर्जन आणि किरणोपचारवाले आपापल्या अनुभवावर करत.

आपल्या वडिलांच्या बाबतीत तिसऱ्या डॉक्टरांची गरज का पडली असावी, हेही सांगतो. शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या भागाची तपासणी होते, आणि कापलेल्या कडेपर्यंत रोग आढळला किंवा मानेतील गाठीचे आवरण फोडून तो बाहेर आलेला दिसला, तर नुसते किरण पुरेसे ठरत नाहीत. त्यांच्या जोडीला सिस्प्लॅटिन हे औषध द्यावे लागते. हे औषध मूत्रपिंडाला आणि कानाला त्रास देणारे असल्याने ते देणारा माणूस त्यातला हवा. किरणोपचार शस्त्रक्रियेनंतर शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असा दंडक आहे, म्हणून तिघांकडे फिरण्यात जाणारे दिवस मात्र मोजत राहा. चांगल्या रुग्णालयात हे तिघे, विकृतिशास्त्रज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञ एका टेबलाभोवती बसून निर्णय घेतात. त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. ‘आमचे प्रकरण बोर्डासमोर ठेवले का?’ असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : मी नांदेडला इंटर्नशिप करत आहे. नीट-पीजीत मला येतील त्या गुणांवर एम.डी. रेडिएशन ऑन्कोलॉजी मिळेल, मेडिसिन मिळणार नाही. मित्र म्हणतात, ‘मशीन असेल तेथेच नोकरी, स्वतःचा दवाखाना कधीच नाही, एक वर्ष थांब.’ काय करावे? — एक इंटर्न

उत्तर : मी स्वतः औषधोपचाराच्या बाजूचा, त्यामुळे या उत्तरात माझा काही पक्षपात नाही हे आधी नमूद करतो. मित्रांचे पहिले वाक्य खरे आहे. लिनिअर ॲक्सिलरेटर हे किरण देणारे यंत्र कोट्यवधी रुपयांचे असते, त्याच्यासाठी जाड काँक्रीटच्या भिंतींचा बंकर लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ नेमावा लागतो. म्हणजे परळी किंवा भोकरदनला गाळा भाड्याने घेऊन ही शाखा चालवता येत नाही. पण ‘स्वतःचा दवाखाना’ हेच डॉक्टर होण्याचे माप असेल, तर आपण कर्करोगाच्या कोणत्याच शाखेत जाऊ नये.

या शाखेत नेमके काय शिकवतात, हे एम.बी.बी.एस.च्या काळात कोणी दाखवत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जिभेच्या कर्करोगाचा रुग्ण आला की आधी गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लॅस्टिकची शीट त्याच्या चेहऱ्यावर दाबून साचा बनवतात, म्हणजे पुढचे सात आठवडे त्याचे डोके रोज त्याच जागी, त्याच कोनात राहील. तो साचा घालूनच सीटी स्कॅन होतो. मग निवासी डॉक्टर संगणकासमोर बसतो आणि स्कॅनच्या शंभराहून अधिक चित्रांपैकी प्रत्येकावर हाताने रेषा काढतो: ही गाठ, हा तिच्याभोवतीचा संशयित भाग, ही लाळेची ग्रंथी, हा मज्जारज्जू. गाठीला २ ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) ३५ मात्रांत ७० ग्रे द्यायचे असतात, त्याच वेळी मज्जारज्जूला साधारण ४५च्या वर जाऊ द्यायचे नसते, आणि कानाजवळची लाळग्रंथी सरासरी २६च्या आत राखता आली तर रुग्णाला पुढे भाकरी पाण्याशिवाय गिळता येते. दोन मिलिमीटरने रेष आत काढली तर रोग मागे राहू शकतो, बाहेर काढली तर माणसाचे तोंड आयुष्यभर कोरडे पडू शकते. पहिल्या वर्षी एका रुग्णाच्या रेषांना दिवस लागतो आणि सर त्यातल्या निम्म्या पुसतात. शरीररचनाशास्त्र पहिल्या वर्षी पाठ करून विसरलेल्यांना ते येथे पुन्हा, आणि या वेळी खरे, शिकावे लागते.

दुसरी गोष्ट, ब्रॅकिथेरपी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून किरण दिल्यावर शरीराच्या आत नळ्या बसवून किरणोत्सारी स्रोत गाठीपर्यंत नेतात. हे हातचे कौशल्य आहे आणि ते न देता उपचार अर्धवट सोडणे म्हणजे बऱ्या होऊ शकणाऱ्या बाईला गमावणे. मराठवाड्यातून येणाऱ्या रुग्णांत हा कर्करोग आणि तोंडाचा कर्करोग पुष्कळ दिसतो, आणि या दोन्हींत किरणोपचाराचा वाटा मोठा आहे. तेव्हा काम मिळणार नाही ही भीती सोडा.

पुढची दारेही बंद होत नाहीत. एम.डी. रेडिएशन ऑन्कोलॉजीनंतर नीट-एसएस देऊन डी.एम. मेडिकल ऑन्कोलॉजीला जाता येते. ब्रिटनमध्ये तर ‘क्लिनिकल ऑन्कोलॉजिस्ट’ हा एकच डॉक्टर किरण आणि औषधे दोन्ही देतो. नियम व पात्रता यांत बदल होत असतात, त्यामुळे ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर विसंबू नका. प्रवेश घेण्यापूर्वी एकदा छत्रपती संभाजीनगरला जाऊन आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात एक दिवस नुसते बसून या. घाटीशी, म्हणजे तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी, जोडलेले हे रुग्णालय २०१२मध्ये सुरू झाले, आता ते राज्य कर्करोग संस्था म्हणून ओळखले जाते. ओपीडीच्या बाकावर सकाळी आठला बसलात तर दुपारपर्यंत आपले उत्तर आपल्यालाच मिळेल.

प्रश्न : माझ्या भावजयीच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढण्याची तपासणी एका शिकाऊ डॉक्टरांनी केली. पहिल्यांदा काही निघाले नाही, म्हणून दुसऱ्यांदा सुई घातली. मोठ्या रुग्णालयांत गरीब माणसावर हात साफ करून घेतात, असे आम्हाला वाटले. — एक वाचक, परतूर

उत्तर : रुग्णालयाचे नाव आपण लिहिले आहे, ते येथे देत नाही. त्या खोलीत काय घडले, हे मला दूरवरून ठरवता येणार नाही. परंतु मज्जा ‘कोरडी’ निघणे हे दर वेळी हाताच्या चुकीमुळे नसते. काही आजारांत मज्जेत तंतू वाढलेले असतात किंवा ती रोगी पेशींनी इतकी गच्च भरलेली असते, की सर्वांत अनुभवी डॉक्टरलाही सिरिंजमध्ये काही ओढता येत नाही. मग जाड सुईने हाडाचा लहानसा तुकडाच काढावा लागतो. तसे झाले असेल तर ते भावजयीला त्याच वेळी समजावून सांगायला हवे होते. सांगितले नाही, ही चूक आहेच, आणि ती मला सुई चुकण्यापेक्षा मोठी वाटते.

शिकाऊ या शब्दाबद्दल मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. डी.एम.चा विद्यार्थी हा अगोदरच एम.डी. झालेला, सात-आठ वर्षे रुग्ण पाहिलेला डॉक्टर असतो. प्रत्येक प्रक्रिया तो आधी पाहतो, मग मदत करतो, मग वरिष्ठाच्या देखत करतो आणि त्यानंतरच एकटा करतो. हे सर्व त्याच्या लॉगबुकात तारखेनिशी नोंदवून वरिष्ठाची सही घ्यावी लागते. प्रत्यक्षात गर्दीच्या दिवशी यातला तिसरा टप्पा आखडता घेतला जातो, हे मी नाकारत नाही. म्हणून रुग्णाने ‘युनिटचे प्रमुख कोण, आणि ते आत आहेत का’ हे विचारावे. प्रबंधासाठी रुग्णाची माहिती किंवा जादा नमुना हवा असेल, तर नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची वेगळी लेखी संमती लागते. ती नाकारली म्हणून उपचारात फरक पडता कामा नये.

चुका टाळण्याचेच शिक्षण या तीन वर्षांत अधिक असते. रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन हे औषध शिरेतून देतात आणि मेथोट्रेक्सेट पाठीच्या कण्यातून. व्हिन्क्रिस्टिन चुकून कण्यात गेले तर रुग्ण जवळपास हमखास दगावतो. म्हणून ही दोन औषधे एकाच ट्रेमध्ये कधीही ठेवायची नाहीत, व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये न भरता सलाईनच्या छोट्या पिशवीतच मिसळायचे, म्हणजे ते कण्याच्या सुईला जोडताच येणार नाही, आणि देण्यापूर्वी नाव, औषध, मार्ग दोघांनी मोठ्याने वाचायचे, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

दुसरे उदाहरण अगदी साधे आहे, वजनकाट्याचे. बहुतेक केमो औषधांची मात्रा शरीराच्या पृष्ठफळावर ठरते: सेंटिमीटरमधील उंची गुणिले किलोमधील वजन, भागिले ३६००, आणि त्याचे वर्गमूळ. १५० सेंटिमीटर उंचीची, ४२ किलो वजनाची ऊसतोड करणारी बाई घेतली तर पृष्ठफळ १.३२ चौरस मीटर येते. दोन महिन्यांत तिचे वजन ३६ झाले तर ते १.२२ होते, आणि चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम या प्रमाणाने डॉक्सोरुबिसिनची मात्रा सुमारे ७९वरून ७३ मिलिग्रॅमवर यायला हवी. जुन्या कागदावरचे वजन उतरवून घेणारा विद्यार्थी आमच्याकडे त्या दिवशी बोलणी खातो. पुढच्या वेळी भावजयीचे वजन न करताच औषध लावू लागले, तर आपणही बोला.

प्रश्न : मी बी.ए.एम.एस. आहे. मला कर्करोगतज्ज्ञ होता येईल का? — एक वैद्य, हिंगोली

उत्तर : या पदव्यांच्या मार्गाने होता येणार नाही, नीट-पीजीसाठी एम.बी.बी.एस. आवश्यक आहे. केमोथेरपी लिहून देण्याच्या फंदात पडू नये. पण गावातला रुग्ण पहिल्यांदा आपल्याकडेच येतो, त्यामुळे पुढच्या उत्तराचा उत्तरार्ध आपल्यासाठीही आहे.

प्रश्न : धाराशिव जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. आता वय व संसार पाहता डी.एम. शक्य नाही. नोकरी न सोडता या क्षेत्रात काही शिकता येईल का? — एक वाचक

उत्तर : येईल, आणि आपण ज्या जिल्ह्यात बसून विचारत आहात त्याला तर याबाबतीत विशेष मान आहे. १९९९मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात खेड्यांचे ५२ गट करून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. २००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: आयुष्यात एकदाच केलेल्या एच.पी.व्ही. (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. जगभरची धोरणे ज्या अभ्यासाचा दाखला देतात, तो आपल्या केंद्राच्या पंचक्रोशीतल्या बायकांनी दिलेल्या सहकार्यावर उभा आहे. आपल्याकडच्या परिचारिकांनाही हे ठाऊक नसते, याची मला खंत वाटते.

शिकण्यासारख्या तीन गोष्टी सांगतो. पहिली, असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे. तिचे प्रशिक्षण जिल्हा पातळीवर होते. गर्भाशयमुखावर पाच टक्के ॲसिटिक आम्ल लावून एक मिनिट थांबायचे आणि पांढरा पडलेला भाग ओळखायचा, हे आठवड्याभरात शिकता येते. पण डोळा तयार व्हायला पन्नास-शंभर तपासण्या लागतात, म्हणून प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हाती आल्यावरही काही दिवस स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर बसावे. दुसरी, पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदनाशमन आणि शुश्रूषा. यात एम.डी. आहे, तसेच नोकरीत राहून करण्याजोगे प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहेत. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४मध्ये बदल झाल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला मॉर्फिन ठेवणे सुकर झाले आहे, तरी प्रशिक्षित डॉक्टर नसल्याने कित्येक तालुक्यांत मॉर्फिनची गोळी मिळत नाही आणि शेवटच्या महिन्यात माणूस वेदनेने ओरडत घरी पडून असतो. तिसरी, केमोथेरपीची डे-केअर केंद्रे. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत ती उघडण्याचे जाहीर झाले. तेथे काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका आपल्यासारख्यांतूनच तयार व्हायचे आहेत. प्रशिक्षणाचे परिपत्रक आले की पहिला अर्ज आपला असावा.

आणि ज्यासाठी कोणत्याच अभ्यासक्रमाची वाट पाहू नये, ते काम तोंडाच्या तपासणीचे. मिश्री लावलेली असेल तर आधी चूळ भरायला सांगा. स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात जातात का ते रुग्णालाच करून पाहू द्या. जात नसतील तर गुटख्याने गालाची आतली बाजू आखडू लागली आहे. मग टॉर्चच्या उजेडात जीभ बाजूला ओढून तिच्या कडा, गालाची आतली घडी आणि अक्कलदाढेमागचा कोपरा पाहा, आणि हातमोजा घालून बोट फिरवा, कारण टणकपणा डोळ्यांना दिसत नाही. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर मलम बदलून देत बसू नका, बायॉप्सीला पाठवा. तालुक्यातल्या सर्जनने किंवा दंतवैद्याने तुकडा काढला तर तो सलाईनमध्ये नव्हे, दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात ठेवला आहे ना, हे पाहा. रुग्ण बार्शीला, संभाजीनगरला किंवा मुंबईला निघाला की अहवालाच्या कागदाबरोबर प्रयोगशाळेतून मेणाचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइडही मागवून त्याच्या पिशवीत द्या. ते नसल्यामुळे तीनशे-चारशे किलोमीटर आलेल्या माणसाचा आठवडा पुन्हा तुकडा काढण्यात गेलेला मी ओपीडीत वारंवार पाहिला आहे.